शोभेची माळ

किसनभाऊ सोनवणे भर उन्हात दिवे विकत. मंचरच्या आठवडे बाजारात, एकीकडे कांद्याच्या पिशव्या आणि दुसरीकडे मेथीच्या जुड्या यांच्या मधोमध ते एक भलीमोठी काळी छत्री उघडून उभे राहत. छत्रीच्या आतून, काडीकाडीला दोऱ्याने बांधलेली दिव्यांची माळ असे. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत फवारणी पंपाची जुनी बॅटरी. लांबून पाहणाऱ्याला वाटे, म्हाताऱ्याला ऊन सोसत नाही. गिऱ्हाईक जवळ आलं की किसनभाऊ छत्री त्याच्या डोक्यावर धरत, इतकी खाली की त्याचे कानही झाकले जात, आणि म्हणत, "आधी बघा, मंग बोला."

छत्रीत डोकं घातलेला माणूस बाहेरून मोठा विनोदी दिसतो. धोतर, बंडी, हातात भाजीची पिशवी आणि गळ्यापासून वर नुसती छत्री. पण आत गेलेलं गिऱ्हाईक लगेच बाहेर येत नसे, हेही मी पाहिलेलं आहे. बाहेर आल्यावर ते थोडा वेळ डोळे मिचकावत उभं राही आणि मग भाव विचारी. किसनभाऊ माझ्याकडे बघून भुवया उडवत. "उन्हात दिवा इकतो घड्याळभाऊ. हाय का कुनाच्यात हिंमत?"

मी घड्याळं दुरुस्त करतो. बाजारपेठेच्या कडेला माझं लहानसं दुकान आहे, आणि शेजारचा गाळा किसनभाऊंनी निवृत्तीनंतर घेतला. त्याआधी ते वायरमन होते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या निम्म्या खांबांवर आपण चढलो आहोत, असं ते सांगत, आणि त्यात फुगवून सांगितलेलं फारसं नसावं. गाळा घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दर्शनी बाजूला लुकलुकत्या माळा सोडल्या. मी डोळ्याला भिंग लावून काम करणारा माणूस. पाव तासात माझं डोकं उठलं. मी जाऊन सांगितलं, की हे बंद करा, नाहीतर मी तरी दुकान बंद करतो. मला वाटलं होतं, भांडण होणार. किसनभाऊंनी माझ्या दुकानाकडे पाहिलं, आपल्या माळांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या अंगाची लुकलुक बंद. मंग झालं?" तेव्हापासून त्यांच्या दुकानाचा माझ्याकडचा अर्धा भाग स्थिर जळे आणि पलीकडचा अर्धा लुकलुके. नवीन गिऱ्हाईक विचारी, अर्ध्या माळा बिघडल्या आहेत का? ते म्हणत, "बिघडल्या न्हाईत. शेजारी हाय."

दिवाळी झाली की बाकीचे दुकानदार उरलेल्या माळा खोक्यात भरून पोटमाळ्यावर टाकत. किसनभाऊंचा खरा हंगाम तेव्हा सुरू होई. ते पुण्याला जाऊन नाताळचा माल आणत. कागदी तारे, पांढऱ्या दिव्यांच्या झालरी, लाल-हिरव्या माळा, प्लास्टिकची हिरवी झाडं. मी त्यांना म्हणालो होतो, की आपल्या मंचरात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, हे घेणार कोण? ते म्हणाले, "सन कुनाचा बी आसू द्या, पोरगं सगळ्यांच्यात आसतं." आणि झालंही तसंच. इंग्रजी शाळांमधून नाताळ साजरा होऊ लागला होता. तिथून आलेलं पोर घरी तारा मागे. शेतकरी बाप बाजारात येई, छत्रीत डोकं घाली आणि तारा घेऊन जाई. हायवेवरची हॉटेलं तर डिसेंबर लागला की स्वतः माणूस पाठवत.

नाताळचं त्यांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर. मंचरात त्यांना सगळे नुसतं सिस्टरच म्हणत. किसनभाऊ माळ नुसती विकत नसत, घरी जाऊन स्वतः लावून देत. "माळ मी इकायची आन खिळा दुसऱ्यानं मारायचा, हे आपल्याला पटत न्हाई." तर तारा लावायला ते सिस्टरांच्या घरी गेले आणि शिडीवर चढून विचारलं, की याचं तोंड कुणीकडं करू, दाराकडं का रस्त्याकडं? सिस्टर म्हणाल्या, "रस्त्याकडं. घरातल्यांना घर सापडतंच की." हे वाक्य किसनभाऊंना इतकं आवडलं, की पुढे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत, आणि काही वर्षांनी ते आपलंच आहे असं समजून ऐकवू लागले. सिस्टर दर नाताळला केक पाठवत. त्यातला अर्धा माझ्या टेबलावर येई, भिंगाशेजारी.

ऐन हंगामात एक दिवस मात्र छत्री मिटलेली असे. सहा डिसेंबरला किसनभाऊ पांढरा शर्ट घालून सकाळी विहारात जात, मग दुकान उघडत, पण एकही दिवा लावत नसत. हॉटेलवाला तातडीने माळ मागायला आला, तरी "उद्या" एवढंच सांगत. बाबासाहेबांचं नाव ते अशा वेळी घेत नसत, कारण सांगत नसत, वाद घालत नसत. आणि चौदा एप्रिलला विहारावर आणि वस्तीवर जी रोषणाई होई, तिचा सगळा माल त्यांचा, आणि शिडीवरही तेच.

जानेवारीत लोक माळा गुंता करून परत आणत. हॉटेलवाल्यांचे तर अक्षरशः गोळे येत. किसनभाऊ तो गोळा मांडीवर घेऊन बसत आणि एकेक वायर सोडवत. सुटलेली वायर कोपर आणि अंगठ्यावर गुंडाळत. मी एकदा म्हणालो, की ओढा ना जरा जोरात, दिवस जाईल अशानं. ते म्हणाले, "गुत्ता वढायचा न्हाई. इचारायचा, कुठनं आलास बाबा. त्यो सांगतो." मला अशी वाक्यं आवडत नाहीत. पण घड्याळाची केसासारखी बारीक स्प्रिंग अडकली की मी अजूनही ओढत नाही, हे कबूल करतो.

एवढं सगळं सांगितल्यावर किसनभाऊ म्हणजे कोणी संत होते असं वाटेल. ते विक्रेते होते. विकण्यासाठी बोलत, आणि बोलण्याच्या भरात थोडं जास्तही बोलत. ही माळ पावसात भिजली तरी चालते म्हणत, चालत नसे. हा तारा पाच वर्षं टिकतो म्हणत. दोन टिकला तर नशीब. गिऱ्हाईकही हे जाणून असे. बाजारात एवढं धरूनच चालतात. पण एका वर्षी ते जे बोलले ते या जातीचं नव्हतं.

आमच्या भागात ऊसतोड सुरू होते ती थंडीत, आणि ऊस तुटला की बिबट्या उघड्यावर येतो. उसात जन्मलेला, उसातच वाढलेला. त्याचं घर रातोरात मोकळं रान होतं, मग तो वस्त्यांच्या कडेने हिंडतो. कुत्री जातात, शेळ्या जातात, आणि कधी कधी माणसाचं मूलही जातं. त्या वर्षी तसं झालं होतं. पलीकडच्या एका गावात दिवेलागणीच्या सुमाराला अंगणातून पोर गेलं, आणि सगळ्या वस्त्यांवर भीती बसली. नाताळ तोंडावर आला होता, आणि कुणाचंही लक्ष ताऱ्यांकडे नव्हतं. पुण्याहून आणलेला माल किसनभाऊंच्या दुकानात तसाच पडून होता.

त्यांच्या सख्ख्या भावाची जुन्नरकडे डिंगोरे गावात शेवंती होती. शेवंतीच्या रानावर रात्री बल्ब लावतात, हे आमच्याकडे नवीन नाही. झाडाला वाटतं अजून दिवसच आहे, आणि ते फुलायचं थांबतं. मग पाहिजे तेव्हा बल्ब काढायचे आणि बाजार बघून फूल आणायचं. किसनभाऊंनी त्या रानातली वायरिंग स्वतः केली होती. तिथून परत आले ते डोक्यात विचार घेऊनच. मला म्हणाले, "फुलाला रात दिवसावानी वाटती, मंग बिबट्याला का वाटू नये? त्यो उजेडात येत न्हाई. घराला माळ आसली की त्याला दिवसच वाटनार." मी म्हणालो, फूल आणि बिबट्या यात फरक आहे. ते म्हणाले, "डोळे तर दोघांस्नी हायेत." शेवंतीला डोळे कुठे असतात ते मी विचारलं नाही. समोर काट्याचं घड्याळ उघडं पडलं होतं.

पुढच्या बाजाराला छत्रीत डोकं घालणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते ऐकवलं. "घराभवती एक फेरा मारा, बिबट्या दाराला येनार न्हाई." भ्यालेल्या माणसाला असंच काहीतरी ऐकायचं असतं. सगळा माल गेला. किसनभाऊ मोपेडला शिडी बांधून वस्त्यावस्त्यांवर जाऊ लागले आणि घरांना, गोठ्यांना, अगदी कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा नाताळच्या माळा लावू लागले. संध्याकाळी एस.टी.तून जाताना उसाच्या मधूनमधून लाल-हिरवी घरं दिसत. एरवी बघायला छान वाटलं असतं.

एक माळ माझ्याही घरी लागली. आमची वस्ती गावापासून आत आहे, तिन्ही अंगांनी ऊस. घरी मी, सून मनीषा आणि नात श्रावणी. मुलगा चाकणला कंपनीत, तो रविवारी येतो. तेव्हा श्रावणी नऊ वर्षांची होती. मला शोभेच्या गोष्टींचं कौतुक नाही, आणि फुला-बिबट्याचं ते गणितही मला पटलं नव्हतं. तरी मी माळ घेतली. न पटलेल्या गोष्टीवर माणूस केव्हा विश्वास ठेवतो, हे नऊ वर्षांची नात घरात असल्याशिवाय कळत नाही. किसनभाऊंनी गोठ्याच्या आडव्या वाशाला माळ बांधली, अंगणाच्या कडेने फिरवली आणि श्रावणीला बटण कुठे आहे ते दाखवलं.

आठ-दहा दिवसांनी सकाळी चहा घेताना मी त्यांना एक गोष्ट सांगितली. खरं तर कौतुक म्हणून सांगितली. म्हणालो, "किसनभाऊ, तुमची माळ लागू पडली बरं का. आमची श्रावणी संध्याकाळी गोठ्याकडे जायला रडायची, आईला सोडायची नाही. आता स्वतः बटण दाबते आणि एकटी जाऊन शेळ्यांना पाला टाकून येते. म्हणते, काकांनी दिवस केलाय."

त्यांच्या हातातला कप बशीत टेकला. मला वाटलं, चहा सांडला. ते म्हणाले, "एकटी जाती?"

"एकटी. भीतीच गेली तिची."

त्यांनी चहा पुरा केला नाही. अर्ध्या तासाने मी मान वर केली, तर त्यांचं शटर खाली होतं. बाजाराचा दिवस होता, डिसेंबर होता, आणि किसनभाऊ दुकान बंद करून गेले होते. असं त्याआधी मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते थेट माझ्या वस्तीवर आले, दुकान उघडायच्या आधी. मोपेड उभी केली आणि अंगणातच बोलले. आदल्या दिवशी ते डिंगोऱ्याला गेले होते. भावाच्या शेवंतीत, बल्बांच्या ओळींखाली, ठिबकच्या नळीने ओली झालेली माती असते. त्या मातीत ते वाकून वाकून हिंडले होते.

"ठसे हायेत घड्याळभाऊ. बल्बाच्या बराबर खाली. जाताना बी आन येताना बी. आंग चोरून गेलेला न्हाई, निवांत गेलाय." मनीषा दारात येऊन उभी राहिली होती. ते तिच्याकडे वळले. "मनीषाताई, मी माळ इकायला बोललो व्हतो. मला ठावं नव्हतं आन मी ठावं आसल्यावानी बोललो. ही माळ शोभेची हाय. बिबट्या हिला भीत न्हाई. दोन दिवस बिचकंल, तिसऱ्या दिवशी लग्नाचा मांडव समजून येईल. पोरीला एकटी सोडू नका. बॅटरी घ्या, ताट बडवत जा, दोघी मिळून जा."

मला त्यांचा राग आला, हे इथे लिहिलं पाहिजे. मी म्हणालो, "मग आधी का बोललात?" श्रावणी शाळेच्या गणवेशात बाहेर आली, तिला त्यांनी जवळ बोलावलं आणि तिच्याएवढे होऊन, म्हणजे गुडघ्यावर बसून, सांगितलं, "बाळा, काकानं दिवस केलेला न्हाई. काका खोटं बोलला. रात ती रातच आसती." ती माझ्याकडे बघायला लागली. त्यांनी माळ काढून नेण्याची तयारी दाखवली. मनीषा म्हणाली, राहू द्या, लागलीच आहे तर.

त्यानंतर किसनभाऊंनी जे केलं ते मी कुणा दुकानदाराला करताना पाहिलेलं नाही. ज्या ज्या घरी त्यांनी त्या महिन्यात माळ लावली होती, त्या प्रत्येक घरी ते पुन्हा गेले. कुठे यादी नव्हती. मी विचारलं, घरं लक्षात कशी राहतात? ते म्हणाले, "घर न्हाई राहात. खिळा कुठं मारला ते राहातं." नाताळचा ऐन आठवडा त्यांनी यात घालवला. रोज संध्याकाळच्या आत एकेक शिवार उरकत. लोकांनी त्यांना चहा दिला, शिव्याही दिल्या. एका वस्तीवर मालकाने विचारलं, "माळ लावल्यापास्नं बिबट्या आला न्हाई, मंग तुमचं काय म्हननं?" किसनभाऊ म्हणाले, "आला न्हाई म्हंजी येनार न्हाई आसं न्हाई पावणं." एका म्हातारीने तर त्यांना परतच पाठवलं. "ऱ्हाऊ दे रं. निदान काय येतंय त्ये दिसंल तरी." हे सांगताना ते हसले होते. त्या आठवड्यातलं त्यांचं तेवढंच हसणं मला आठवतं.

पण बोललेलं परत घेणं माळ परत घेण्याइतकं सोपं नाही. पेठेतल्या दुसऱ्या एका दुकानदाराने तोपर्यंत फलक लावला होता, "बिबट्या माळ मिळेल." किसनभाऊंचं वाक्य, किसनभाऊंचाच माल. ते त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "राव, तुमीच तर सुरू केलं." मग पुढच्या बाजाराला किसनभाऊ नेहमीच्या जागी उभे राहिले, छत्री उघडली, आणि विकण्याऐवजी ओरडू लागले, "माळ शोभेची! बिबट्या भीत न्हाई! पोरांना एकटं सोडू नका!" लोक हसले. कांदेवाल्याने विचारलं, भाऊ, सकाळी सकाळी काय घेतली का? मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. मलाही ते बघवत नव्हतं, पण मी आत गेलो नाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. मी दुकानातच होतो, म्हणून जे सांगतो ते मनीषाने सांगितलेलं. दिवेलागणीला शेळ्यांना पाला टाकायचा होता. श्रावणीने बटण दाबलं, माळ लागली. मग मनीषाने बॅटरी घेतली, श्रावणीने स्टीलचं ताट आणि उलथणं घेतलं, आणि दोघी ताट बडवत स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडल्या. चार पावलंही टाकली नसतील. गोठ्याच्या कुडावरून बिबट्या बाहेर झेपावला, तोंडात करडू. तो माळेच्या खालून गेला. मनीषा सांगते, त्याच्या पाठीवर लाल उजेड पडला, मग हिरवा पडला, आणि मग तो उसात गेला. ताटाच्या आवाजाने तो उठला होता. आवाज नसता तर तो गोठ्यातच असता, पाला ठेवायच्या जागेपासून दोन हातांवर.

फोन आला तेव्हा माझ्या हातात एक लेडीज घड्याळ होतं. ते मी खाली ठेवलं ते कुठे ठेवलं, हे मला दुसऱ्या दिवशीपर्यंत आठवलं नाही. शेजारच्या गाळ्यात जाऊन मी किसनभाऊंना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "पोरगी?"

"घरात आहे. आईबरोबर होती."

ते खुर्चीवर बसले. समोर नाताळच्या माळा चालू होत्या, अर्ध्या स्थिर आणि अर्ध्या लुकलुकत. मी काहीतरी बोलायला हवं होतं, निदान आभार मानायला हवे होते. मी म्हणालो, "मला घरी सोडता का?" त्यांनी मोपेड काढली.

नाताळच्या दिवशी सकाळी ते लोखंडी जाळीचा गुंडाळा आणि खिळे घेऊन वस्तीवर हजर. दुपारपर्यंत त्यांनी आमचा गोठा वरून आणि चारही बाजूंनी जाळीने बंद केला. सिस्टरांनी दिलेला केक डब्यात आणला होता. जेवणानंतर श्रावणीने तो खाल्ला. निघताना म्हणाले, "माळ शोभेची, जाळी कामाची. येवढं पाठ करून ठेव गं." पुढे कित्येक वर्षं ते हे वाक्य सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ करायला लावत. पुण्याहून भीमाशंकरला निघालेलं एखादं जोडपं हायवेवरून उतरून पेठेत येई, बाल्कनीसाठी झालर घेई. त्यांनाही ते छत्रीत घेऊन सांगत, "ही शोभेची हाय. बिबट्या हिला भीत न्हाई." ती माणसं सोसायटीच्या सातव्या मजल्यावर राहणारी. ती एकमेकांकडे बघत. मी माझ्या दुकानातून बघत असे, आणि मला हसू येत नसे.

या गोष्टीने त्यांचा धंदा बुडाला का? नाही. वाढलाही नाही. लोक माळा घेतच राहिले, कारण माळ छान दिसते. एवढं कारण पुरेसं होतं, हे किसनभाऊंना उशिरा कळलं असं ते स्वतःच म्हणत. "दिव्याला लई कामं सांगू नये. त्यो दिसतो, तेवढं बास."

मागच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. गाळा बंद झाला. ते गेले ते त्याच डिसेंबरात, नाताळच्या थोडे आधी. त्याच्या आठ दिवस आधी मी आणि श्रावणी त्यांना भेटायला गेलो होतो. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, पुण्याला कॉलेजात असते, सुटीला आली होती. तिनेच चला म्हटलं.

ते खाटेवर पडून होते. बोलणं संथ झालं होतं, पण स्पष्ट होतं. कोपऱ्यात काळी छत्री उभी होती. श्रावणीने ती उचलली, बॅटरीला वायर लावली आणि उघडून त्यांच्या डोक्यावर धरली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत या माणसाने ती छत्री कायम दुसऱ्याच्या डोक्यावर धरलेली मी पाहिली होती. ते बराच वेळ वर पाहत राहिले. श्रावणी म्हणाली, "आधी बघा, मग बोला." त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "दोन बल्ब गेल्यात. बदलून घ्या." त्यांच्या बायको हसल्या, मग डोळे पुसायला आत गेल्या. मी खिशातून चिमटा काढला आणि तिथेच बसून त्यांनी सांगितले ते दोन बल्ब बदलले. गोळ्यांच्या डब्याशेजारी सुटे बल्ब ठेवलेलेच होते.

त्या दिवशी मी ठरवून गेलो होतो की आभार मानायचे. दहा वर्षांचं राहिलेलं होतं. त्या माणसाने आपला सगळा हंगाम सोडून, स्वतःला बाजारात हसं करून घेऊन, आपलं एक वाक्य दारोदार परत घेतलं, म्हणून माझी नात आहे. हे त्यांना सांगायचं होतं. चिमटा खिशात ठेवला, घसा साफ केला, आणि तब्येतीची काळजी घ्या म्हणालो. आज लिहितो आहे ते त्यामुळेच.

निघालो तेव्हा उन्हं उतरली होती. त्यांच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत पायवाट आहे, आणि दोन्ही अंगांना नुकता तुटलेला ऊस होता. आम्ही उंबरा ओलांडला, तोच आतून हाक आली. "घड्याळभाऊ."

मी मागे वळलो. त्यांनी उजवा हात उचलला होता.

"दिवेलागन झाली. पोरीला म्होरं घाला, तुमी मागनं चाला. आन बोलत जा, मोठ्यानं."

ती एकोणीस वर्षांची झाली आहे, पुण्यात एकटी राहते, एकटी फिरते, हे मी त्यांना सांगू शकलो असतो. मी "हो" म्हणालो. श्रावणी पुढे झाली, मी बॅटरी लावली, आणि रस्ता येईपर्यंत आम्ही दोघं काय वाटेल ते मोठमोठ्याने बोलत राहिलो, त्यांना घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.